'एनए'ची कुळकथा

नगर शहरातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, मनमाडकडे, पुण्याकडे नाहीतर दौंडकडे. वस्ती विरळ होते न होते तोच पाट्या सुरू होतात: 'एनए बंगलो प्लॉट', 'क्लिअर टायटल', 'बँक कर्जाची सोय'. कालपरवापर्यंत बाजरी उभी होती त्या वावरात फक्कीने चौकोन आखलेले असतात आणि मधून मुरमाचा रस्ता गेलेला असतो. गिऱ्हाईक, एजंट, बँकेचा साहेब, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "एनए झालंय का?"

एनए म्हणजे नॉन-ॲग्रिकल्चरल, बिनशेती. झालंय म्हटले की माणूस निर्धास्त होतो. सरकारने जागा पाहिली, तिथे घर बांधणे योग्य आहे असे ठरवले, मगच शिक्का मारला, अशी आपली समजूत असते. या परवानगीचे कूळ शोधत मागे गेले तर निराळीच गोष्ट हाती लागते. एनए परवानगी घरांसाठी जन्मली नाही आणि शेत वाचवण्यासाठीही नाही. ती जन्मली जमिनीच्या साऱ्यासाठी.

ही परवानगी येण्याआधीही जमिनीच्या वापराला शिस्त होतीच. मराठी मुलखातल्या प्रत्येक गावाचे दोन भाग असत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीत घर कोणी कुठे बांधायचे, गावकुसाबाहेर कोणी राहायचे, गुरांची वाट कुठून जायची, हे गाव ठरवी. त्या ठरवण्यात जातीची उतरंड होती, अन्यायही होता. तरी निर्णय डोळ्यांसमोर, चारचौघांत होई. तंटा झाला की गोतसभा बसे, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई आणि त्याखाली निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी नांगराची, बलुतेदारांची आपापल्या अवजाराची. नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देई, वसणाऱ्यांना काही वर्षे करात सूट मिळे आणि शेटे-महाजन पेठेचा कारभार पाहत. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्ताव्याने, म्हणजे दरवर्षी थोडा थोडा चढत जाणारा सारा लावून, जमीन मिळे. जमिनीचा वापर बदलायला उत्तेजन देण्याकडेच सरकारचा कल होता. जमीन उदंड होती, माणसे कमी होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरला इंग्रजी अंमलाचा कलेक्टर आला, हेन्री पॉटिंजर. नव्या सरकारला आधी सारा हवा होता आणि साऱ्यासाठी मोजणी. मुंबई इलाख्याची मोजणीची पद्धत बसवली ती गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी. सुरुवात शेजारच्या इंदापुरात १८३५-३६ साली झाली, तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली आणि शतकाच्या मध्यावर नगर जिल्ह्याचे तालुके एकेक करून साखळीखाली आले. ही साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज प्लॉटचा भाव ज्या गुंठ्यावर सांगितला जातो, तो या साखळीने घालून दिला.

या पद्धतीत प्रत्येक सर्व्हे नंबरच्या मातीची प्रत पाहून साऱ्याचा आकार ठरे आणि तो तीस वर्षे कायम राही. मधल्या काळात शेतकऱ्याने विहीर खोदली, बांध घातले, पीक वाढवले, तरी सारा वाढवायचा नाही, असे वचन होते. शेतीत भांडवल गुंतावे हा त्यामागचा हेतू. पण याच वचनातून सरकारला एक पेच पडला. ज्या जमिनीवर बाजरीचा हिशेब धरून चार-सहा आणे आकारले, तिथे कोणी वखार उभारली, वीटभट्टी घातली किंवा स्टेशनाजवळ दुकाने काढली तर? उत्पन्न अनेक पटींनी वाढणार आणि सरकारला मिळणार तोच बाजरीचा सारा.

त्यावरचा तोडगा १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत आला. तिच्या ४८ व्या कलमाने आकारणी वापरावर बांधली: शेतीला एक दर, बांधकामाला दुसरा, इतर कामांना तिसरा. ६५ व्या कलमाने सांगितले की खातेदाराला शेतघर बांधता येईल, विहीर किंवा तळे खोदता येईल. इतर कशासाठी जमीन वापरायची असेल तर आधी कलेक्टरची परवानगी घ्यावी. एनएचे मूळ ते हेच. तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, हेही याच कलमात होते.

१८७९ हे साल नगरकरांच्या ओळखीचे आहे. चार वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेले सावकारांविरुद्धचे दंगे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांत पोचले होते. कर्जरोखे आणि वह्या जाळल्या गेल्या. त्यातून १८७९ सालीच दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. म्हणजे एका कायद्याने सरकार शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या हातून वाचवू पाहत होते आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने त्या जमिनीवर काय करायचे याची किल्ली स्वतःकडे ठेवत होते. ही किल्ली पुढे फार काळ कलेक्टर कचेरीतच राहिली.

महसूल संहितेने काय विचारले नाही, तेही पाहण्यासारखे आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालवे वाहू लागले आणि उत्तर नगरमध्ये ऊस पसरला. १९५० च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याच्या जमिनीच्या वापरात गेल्या शंभर वर्षांत एवढा मोठा पालट दुसरा नसेल. ज्वारी-बाजरीच्या जिरायतीवर बारमाही ऊस आला, पाण्याचे गणित उलटेपालटे झाले. त्यासाठी कुणाही शेतकऱ्याला परवानगी काढावी लागली नाही, कारण ऊस ही शेतीच. रस्त्यालगत चहाची टपरी पक्की करायची तर मात्र अर्ज, चौकशी आणि बिनशेती सारा.

कुठे काय असावे, हा प्रश्न शहरांतून आला आणि उशिरा आला. गर्दी आणि प्लेगने हैराण झालेल्या मुंबईच्या अनुभवानंतर १९१५ चा मुंबई नगररचना कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि मग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आला. त्याच वर्षी महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही झाली. पहिला ११ जानेवारी १९६७ ला अमलात आला, दुसरी १५ ऑगस्ट १९६७ ला. जुन्या ६५ व्या कलमाचा वारसा नव्या संहितेच्या ४२ आणि ४४ या कलमांना मिळाला. तीन महिन्यांचे नव्वद दिवस झाले, गाभा तोच राहिला.

आता एकाच जागेला दोन दारे झाली. नगररचनावाले विचारत, आराखड्यात ही जागा कशासाठी आहे? महसूलवाले विचारत, सारा किती लावायचा? नागरिक दोन्हीकडे फिरे. आधी टेंटेटिव्ह लेआउट, मग एनएचा आदेश, मग बिनशेती मोजणी, मग फायनल लेआउट, मग सनद. वाटेत तलाठ्याचा अहवाल, मंडल अधिकाऱ्याचा पंचनामा, बांधकाम खात्याचा रस्त्याबद्दलचा अभिप्राय, वरून तार जात असेल तर वीज मंडळाचा. नगरसारख्या लष्करी ठाण्याभोवती, भिंगार छावणीच्या किंवा लष्करी हद्दीच्या आसपास, लष्कराचे म्हणणेही आले. आदेश हाती आल्यावरही काम संपत नसे. एका वर्षाच्या आत वापर सुरू करायचा, नाहीतर परवानगी रद्द. आणि सुरू केल्यापासून तीस दिवसांत तसे लेखी कळवायचे. मग जमीन गाव नमुना दोनमध्ये, म्हणजे बिनशेती महसुलाच्या नोंदवहीत, जाई.

सातबाऱ्यावर या प्रवासाची खूण आजही वाचता येते. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना सुधारला तेव्हापासून बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्ये येते आणि खाली स्पष्ट सूचना असते की हे क्षेत्र अकृषिक झाल्याने त्यासाठी गाव नमुना बाराची आवश्यकता नाही. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. त्या जमिनीवर कोणी पीक पाहायला येणार नाही, हे कागदाने कायमचे मान्य केलेले असते.

वापरावर बंधन घालणारा आणखी एक धनी नगर जिल्ह्याने पाहिला आहे: माळढोक पक्षी. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात कर्जत, श्रीगोंदा, नेवासे या भागांतली गावेच्या गावे, शेते आणि वस्त्या सापडल्या. खरेदी-विक्री असो की बिनशेती, फाइल अडू लागली. गावांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि अखेर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. ज्या पक्ष्यासाठी हे केले तो दरम्यान माळावरून दिसेनासा होत गेला. नकाशावर रेघ मारणे सोपे असते. रेघेच्या आतल्या माणसाला काय मिळणार हे न ठरवता मारलेली रेघ ना माणसाला लाभते ना पक्ष्याला.

परवानगी अवघड झाली की आडवाटा निघतातच. शहरांच्या कडेला शेतजमिनीचे एकेक-दोनदोन गुंठ्यांचे तुकडे बिनएनए विकले गेले. १९४७ चा तुकडेबंदी कायदा पुस्तकात राहिला आणि व्यवहार मुद्रांकावर होत राहिले. शेवटी सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करून १ जानेवारी २००१ पर्यंतची अशी बांधकामे नियमित करायची वाट काढली. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. नियम मोडणाऱ्याला थांबायची सवय लागली: आज ना उद्या तारीख पुढे सरकेल.

दुसरीकडे परवानगीच पातळ होत गेली. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला ती आधीच माफ झाली होती. २०१४ पासून संहितेत ४२-अ आले आणि २०१७ मध्ये ४२-ब, ४२-क आणि ४२-ड. विकास आराखडा अंतिम झालेल्या भागात वेगळी एनए परवानगी नको. रूपांतरण कर, बिनशेती आकारणी आणि लागू असेल तिथे नजराणा भरला की झाले. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीनही निवासी वापरासाठी या सवलतीत आली. हेतू चांगला होता: एकाच जागेसाठी दोन कचेऱ्यांचे उंबरे कशाला? पण पाहा, या सुधारणेत चौकशी गेली आणि आकारणी राहिली. १८७९ सालचे मूळ जवळपास दीडशे वर्षांनीही त्याच मातीत आहे.

आराखडा असेल तिथे लोकांना बोलायला जागा तरी असते. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की तीस दिवसांत हरकती आणि सूचना देता येतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. खेड्याच्या वाट्याला असे काय आले? ग्रामपंचायतीचा बहुतेक वेळा एक ना-हरकत दाखला, तोही ग्रामसभेत न वाचलेला.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजाराने याचे उत्तर स्वतः काढले. पोपटराव पवार १९८९ च्या निवडणुकीनंतर सरपंच झाले आणि पुढच्या वर्षांत गावाने ग्रामसभेत ठरवत नेले: गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. यातला एकही मुद्दा एनएच्या अर्जात नाही. कायद्याने जवळपास दीडशे वर्षांत जे विचारले नाही, ते या गावाने विचारले: या जमिनीवर हे केले तर गावच्या पाण्याचे काय होईल? आणि उत्तरही पाळले.

म्हणून प्लॉट घेताना एनएचा आदेश जरूर पाहा, मंजूर लेआउट पाहा आणि ४० आरहून मोठ्या लेआउटमध्ये सोडलेली दहा टक्के मोकळी जागा खरोखर मोकळी आहे का, तेही जाऊन पाहा. पण तेवढ्याने भागणार नाही. एनए हा महसुलाचा कागद आहे, जागेच्या योग्यतेचा दाखला नव्हे. तो दाखला गावानेच द्यायचा आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. आपल्या शिवारात कुठे वस्ती वाढू द्यायची, कुठला ओढा मोकळा ठेवायचा आणि ना-हरकत दाखला कोणत्या अटींवर द्यायचा, हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी घ्यायला लावा.