पत्र्यावरचे चेहरे

आजचा विषय घरातल्या भिंतीचा आहे, पण तो आपल्याला पावणेदोनशे वर्षे मागे नेणार आहे. हल्ली जुन्या काळातल्या माणसांची छायाचित्रे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून दिवाणखान्यात लावतात. चौकट नाही, काच नाही. भिंतीपासून बोटभर पुढे आलेला चकचकीत चेहरा. पुष्कळांना हे अगदी नवे वाटते. आम्ही म्हणतो, ही परत आलेली गोष्ट आहे. कारण माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र लोकांच्या हाती पहिल्यांदा आले, ते धातूवरच.

7 जानेवारी 1839 रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत लुई दागेर यांच्या शोधाची घोषणा झाली आणि 19 ऑगस्टला त्याची कृती सर्वांना खुली झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा, तो आरशासारखा घासायचा, आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात घालून प्रकाश दाखवायचा आणि मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचे. याला दागेरोटाइप म्हणत. प्रत एकच निघायची. ती बहुधा तळहातात मावणारी असे आणि काचेखाली, डबीत जपून ठेवत. गंमत अशी की पत्रा जरा तिरका धरला तरच चेहरा दिसे. नाहीतर पाहणाऱ्याला स्वतःचेच तोंड दिसे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने यावर विचार करत बसावे, असाच हा प्रकार आहे.

आजच्या पत्र्याची रीत वेगळी. चित्र आधी खास शाईने कागदावर छापतात. तो कागद लेप दिलेल्या ॲल्युमिनियमवर ठेवून सुमारे 200 अंश सेल्सिअसला दाबतात. शाईचा वायू होऊन रंग त्या लेपात शिरतो. लेप पारदर्शक असेल तर चित्रातल्या उजळ जागी खालचा धातूच चमकतो, आणि दागेरोटाइपची थोडी आठवण होते. फरक इतकाच, की आता प्रती हव्या तितक्या, आणि तळहाताएवढा चेहरा दारातून आत येताच दिसेल एवढा मोठा. म्हणजे जे डबी उघडून एकट्याने पाहायचे होते, ते आता येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसमोर आले.

इथे आम्हाला एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. भिंतीवरच्या या माणसाला आपले छायाचित्र हवे होते का?

दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही अमेरिकेतली, दोन्ही त्याच काळातली, दोन्ही चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरची.

पहिले फ्रेडरिक डग्लस यांचे. जन्म गुलामगिरीतला. 1838 साली ते निसटले आणि पुढे गुलामगिरीविरुद्धचे मोठे वक्ते झाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्वांत जास्त छायाचित्रे त्यांचीच निघाली असे अभ्यासक मानतात. सुमारे 160 वेगवेगळी छायाचित्रे आज माहीत आहेत. हा काही हौसेचा मामला नव्हता. गोरे चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा रेखाटताना तो आपल्या कल्पनेप्रमाणे बिघडवतात, ही त्यांची तक्रार होती. कॅमेऱ्यापुढे मात्र ते उत्तम कोट घालून, ताठ बसत आणि गंभीर नजरेने पाहत. 1861 साली बॉस्टनमध्ये त्यांनी छायाचित्र या विषयावर व्याख्यानही दिले. त्यांच्यासाठी छायाचित्र हा युक्तिवाद होता.

दुसरे रेंटी यांचे. 1850 साली दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया गावी, हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांच्यासाठी जोसेफ झीली या छायाचित्रकाराने काही गुलामांची छायाचित्रे काढली. त्यांत रेंटी होते आणि त्यांची मुलगी डेलिया होती. कपडे उतरवून त्यांना उभे केले. मानववंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले, हे अगासींना दाखवायचे होते. विचारले कोणी? कोणीच नाही; गुलामाला नकार देण्याची सोयच नव्हती. ते पत्रे 1976 साली हार्वर्डच्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर सापडले. 2019 साली रेंटी यांच्या वंशज असल्याचे सांगणाऱ्या एका बाईंनी विद्यापीठावर दावा लावला. 2025 साली तडजोड झाली, आणि हे पत्रे चार्ल्स्टन इथल्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवायचे ठरले.

आता पाहा, धातू तोच, पारा तोच, बारकावाही तितकाच सुंदर. पण एक माणूस बोलतो आहे, आणि दुसऱ्याविषयी परस्पर बोलले जाते आहे. जुन्या छायाचित्रांच्या बाजारात हा फरक दिसत नाही. तिथे दोघेही 'जुने, दुर्मीळ, देखणे' एवढेच असतात.

आपल्याकडेही हे घडले. 1868 ते 1875 या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे. पण त्यांत बहुतेक ठिकाणी माणसाच्या नावाऐवजी जात किंवा जमात. आजोबा-पणजोबा कुणाचे तरी असतीलच ना ते! याच्या उलट महाराष्ट्रातल्या घराघरांत डॉ. आंबेडकरांचे सुटाबुटातले छायाचित्र पाहा. तिथे पोशाख, नजर, बसण्याची ढब, सगळे त्या माणसाने स्वतः निवडलेले. डग्लस यांच्या छायाचित्राशी त्याचे नाते आहे, असे आम्ही मानतो.

मग रेंटी यांच्यासारखी छायाचित्रे पाहूच नयेत का? पाहावीत, पण संग्रहालयात, पुस्तकात, जिथे शेजारी हकीकत लिहिलेली असते. सोफ्याच्या वर शोभेसाठी नव्हे. आपल्याकडे भिंतीवर फोटो लावणे म्हणजे त्या माणसाला घरात जागा देणे. जागा दिली की त्याचे नाव माहीत असायला नको?

एक व्यवहाराची गोष्ट. धातूवरची जुनी छायाचित्रे बहुधा उलटी असतात, डावे ते उजवे. 'बिली द किड' या अमेरिकन दरोडेखोराच्या लोखंडी पत्र्यावरच्या छायाचित्रावरून तो डावखुरा असल्याची समजूत पसरली, आणि 1958 साली त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाच्या नावातही डावखुरेपणा आला. बंदुकीची ठेवण पाहिल्यावर कळले, की चित्रच उलटे आहे. तेव्हा मोठी प्रत करून घेण्याआधी मूळ कसे आहे ते विचारा. मागच्या बाजूला नाव, साल, छायाचित्रकार आणि मूळ पत्रा कुठे आहे, हे लिहून ठेवा. उन्हासमोर टांगू नका. धातू टिकतो, रंग उडतो.

आणि नातवंडांनी 'हे कोण?' असे विचारले, तर दोन मिनिटे सांगता येईल एवढे वाचून ठेवा. तेवढे सांगता येत नसेल, तर भिंत मोकळी राहिलेली बरी.

आता प्रश्न घेऊ या.