खळी की चिमटा?

मामा निवृत्त झाले तेव्हा दुबईहून आलेल्या कुणीतरी त्यांना एक बाटली भेट दिली होती. आतली व्हिस्की महिनाभरात संपली, बाटली मात्र अजून शोकेसमध्ये आहे. तिला तीन बाजू, प्रत्येक बाजू कुणी अंगठ्याने आत दाबल्यासारखी, आणि वरून बारीक सोनेरी तारेची जाळी. मामी पुसताना तिला 'खळीवाली' म्हणते. खुद्द कंपनीनेही तिचं नाव तेच ठेवलंय : डिंपल.

ही बाटली स्कॉटलंडच्या हेग घराण्याची. या घराण्याचा दारूशी असलेला संबंध थेट १६५५ पर्यंत जातो. त्या साली रॉबर्ट हेगला चर्चच्या पंचांनी बोलावून घेतलं, कारण पठ्ठ्याने रविवारी, प्रार्थनेच्या दिवशी भट्टी लावली होती. पुढे १८२४ मध्ये जॉन हेगने फाइफ परगण्यात कॅमरनब्रिजची डिस्टिलरी काढली. खळीची बाटली त्यानंतरची, १८९० च्या दशकातली.

आणि ती जाळी? आज ती दागिन्यासारखी दिसते, पण आली ती कामासाठी. तेव्हा बाटलीला नुसतं बूच असे. माल निघे बोटीने, कधी खवळलेल्या समुद्रातून, कधी उष्ण मुलखाकडे. बाटली हिंदकळली, तापली, की बूच वर सरकायचं. म्हणून तार हाताने वळून बाटलीसकट बूच बांधून टाकलं. पुढे बूच पक्कं बसवायच्या सोयी आल्या, जाळीचं काम संपलं. पण तोवर लोक तिच्यावरूनच बाटली ओळखू लागले होते. मग काढणार कोण?

अमेरिकेत हीच बाटली 'पिंच' झाली. आपल्याला दिसली ती खळी, त्यांना दिसला तो चिमटा! तिथे गिऱ्हाईक दुकानात 'ती चिमट्याची बाटली' मागू लागलं, आणि हेच हेग कंपनीच्या कामी आलं. नुसत्या आकाराला ट्रेडमार्क द्यायला पेटंट कार्यालय आधी तयार नव्हतं. बाटली म्हणजे माल ठेवायचं भांडं, ते नाव कसं होईल? पण १९५८ मध्ये निकाल फिरला : लोक आकारावरूनच माल ओळखत असतील, तर आकार हेच नाव.

कोका-कोलाच्या बाटलीला तिथे हा मान मिळायला १९६० साल उजाडलं.