शहाबादी फरशीचे सांधे

गेल्या आठवड्यात कर्जत स्टेशनचा पूल चढलो, उतरलो आणि सपाट फलाटावर माझे पाय जमिनीला चिकटले. नातू म्हणाला, "आजोबा, जिना येतो आणि सपाटीवर अडता?" जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा उत्तर शोधायला मागेच गेलो.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला. त्यात रुग्ण सहा, त्यातले तिघे तर रस्त्यात पाहिलेले! चालता चालता तोल पुढे जाऊन माणूस पळत सुटतो, हे त्यांनी तेव्हाच टिपले. आजाराला त्यांचे नाव दिले पॅरिसच्या शार्को यांनी. रेल्वेच्या प्रवासानंतर रुग्णांना बरे वाटते हे ऐकून शार्कोंनी थरथरणारी खुर्चीच करवून घेतली. तसे असते तर वर्षानुवर्षे कर्जत लोकलचे धक्के खाल्लेल्या मला हा आजार व्हायलाच नको होता. असो.

मला पटले ते १९६७ सालचे. लंडनच्या पर्डन मार्टिन यांनी दाखवले की जमिनीवर आडव्या रेघा असल्या की अडलेली पावले सुटतात. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बिघडलेली असते, रेघ दिसली की लक्ष देऊन पाऊल टाकायची दुसरी वाट कामी येते. जिन्याची पायरी म्हणजे रेघच की! पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनी याच आजाराच्या आपल्या काकांसाठी सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होणारे चित्र चिकटवले. २०१५ च्या भाषणात त्यांनी ते सांगितले आहे.

आमच्या पडवीत शहाबादी फरशी आहे. एक सांधा, एक पाऊल. गोळीनंतर तासाभराने अंग मोकळे झाले की वीस फेऱ्या. हातात काही नाही, चहाचा कपसुद्धा नाही. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा. भिंत हाताशी आणि सौ. हाकेच्या अंतरावर. झोपून उठल्यावर आधी काठावर बसायचे, कारण एकदम उभे राहिले की माझा रक्तदाब उतरतो. मागच्या श्रावणात शेवाळलेल्या अंगणात आपटलो. हाड वाचले, नाहीतर अंथरुण धरले असते, आणि या आजारात अंथरुण धरलेले पाय पुन्हा चालायला लागणे कठीण. आता पावसाळाभर फेऱ्या पडवीतच.

खोपोलीच्या मेव्हण्यांनाही हेच दुखणे. त्यांच्या गुळगुळीत टाइल्सना सांधेच दिसत नाहीत. रविवारी रंगीत चिकटपट्टी घेऊन जाणार आहे. अंतर मात्र त्यांच्या पावलाचे घ्यायचे, माझ्या नाही.