पडदा : उभा आणि आडवा

मनुष्य एखादी वस्तू विकत घेतो तेव्हा ती आपणच निवडली असे त्याला वाटत असते. परंतु पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत निवडीचा मोठा भाग कोणी तरी, कोठे तरी, त्याच्या आधीच उरकून ठेवलेला असतो. संगणकाचा पडदा हे याचे उत्तम उदाहरण होय. आज दुकानात मांडलेले बहुतेक पडदे उंचीच्या पावणेदोनपटीहून किंचित अधिक रुंद असतात. ही रुंदी वाचणाऱ्याने मागितली नव्हती आणि लिहिणाऱ्यानेही मागितली नव्हती. ती आली नाट्यगृहासारख्या काळोख्या दालनातून, चित्रपटाच्या पडद्यावरून. आणि तिच्या या प्रवासाची हकीकत सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

१८९२ च्या सुमारास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन या तंत्रज्ञाने चलच्चित्रासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फीत वापरात आणली. तिच्यावरील प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार चार छिद्रे असत आणि चित्र एक इंच रुंद व पाऊण इंच उंच असे. चारास तीन या प्रमाणाचा जन्म असा झाला. यामागे सौंदर्यशास्त्राचा काही सिद्धांत होता असे नाही. हाताशी असलेली फीत आणि यंत्राची सोय यांतून ते निघाले. पण एकदा यंत्रे त्या मापाने घडू लागली की माप बदलणे दुष्कर होते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला तो याच ३५ मिलिमीटर फितीवर. पुढे बोलपट आले, ध्वनीच्या पट्टीने चित्राची एक कड व्यापली, आणि १९३२ साली अमेरिकेतील अकादमीने १.३७ हे नवे प्रमाण ठरविले. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' झळकला ते वर्षही १९३२ हेच होय.

दूरचित्रवाणीने जन्मतःच चित्रपटाचे बोट धरले. लंडनच्या बीबीसीने १९३६ मध्ये पाचास चार असा जवळजवळ चौरस आकार घेतला होता. पण चित्रपट दाखवावयाचे तर त्यांच्या आकाराशी जुळवून घेणे प्राप्त होते, म्हणून १९५० मध्ये तिनेही चारास तीन हे प्रमाण स्वीकारले. घरातला पडदा आणि चित्रगृहातला पडदा असे एकरूप झाले, आणि नेमका तेथेच चित्रपटधंद्याचा घात झाला. जे घरबसल्या दिसते ते पाहण्यासाठी तिकीट कोण काढणार? घराला परवडणार नाही असे काही तरी दाखविणे भाग होते. १९५२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये तीन प्रक्षेपक एकाच वेळी चालविणारा 'सिनेरामा' अवतरला. आणि पुढल्याच वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेत्यें याच्या भिंगाच्या आधारे 'सिनेमास्कोप' आला. हे भिंग रुंद दृश्य दाबून फितीवर घेई आणि दाखविताना पुन्हा पसरी.

भारतात १९५९ हे वर्ष या दृष्टीने मोठे मौजेचे आहे. त्या वर्षी १५ सप्टेंबर रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण झाले, ते चारास तीनच्या चौकटीत. आणि त्याच वर्षी गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्या रुंद पडद्यावर प्रकाशाचे झोत असे काही सोडले की माणसाचे एकाकीपण त्या रुंदीनेच अधिक जाणवावे. रुंदी म्हणजे निव्वळ विस्तार नव्हे. ती काही सांगण्यासाठी वापरता येते, हे त्यातून दिसले. दोन आकार एकाच वर्षी या देशात शेजारी शेजारी उभे राहिले. त्यांची सोयरीक जुळण्यास मात्र पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

ती जुळविण्याचे श्रेय केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. १९८० च्या दशकात अधिक स्पष्ट अशा नव्या दूरचित्रवाणीचा आकार काय असावा हा वाद चालू होता. पॉवर्सने प्रचलित प्रमाणांचे, सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेऊन ते एकाच मध्यबिंदूवर एकमेकांवर मांडले. त्या सर्वांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि त्या सर्वांत समाईक असलेला आतला आयत, या दोहोंचेही प्रमाण सोळास नऊच्या जवळ आले. गणित सोपे आहे : जुन्या दूरचित्रवाणीचे १.३३ आणि सिनेमास्कोपचे २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले तर १.७७ येते. सोळास नऊ हा आकार असा तडजोडीतून जन्मला. तो कोणाचाच अगदी हक्काचा नव्हता, म्हणूनच तो सर्वांना चालला.

संगणकाचा यात अद्याप कोठेही संबंध आलेला नव्हता. उलट, १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी 'आल्टो' नावाचा मेजाजवळ बसून वापरावयाचा संगणक बनविला, तेव्हा त्याचा पडदा त्यांनी उभा ठेवला : ६०६ बिंदू रुंद आणि ८०८ बिंदू उंच. त्यांच्या डोळ्यांपुढे रंगभूमी नव्हती, कागद होता. मनुष्य संगणकावर वाचणार आणि लिहिणार, आणि वाचण्यालिहिण्याचे पान उभे असते, हा त्यांचा साधा विचार. परंतु उभा पडदा बाजारात रुजला नाही. दूरचित्रवाणीसाठी बनणाऱ्या आडव्या नळ्या स्वस्त होत्या, आणि १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला तो आडवा पडदा घेऊनच. पुढे सपाट पडदे आले. काही काळ पाचास चार आणि सोळास दहा ही प्रमाणे चालली. १९२० बिंदू रुंद व १२०० बिंदू उंच असे ते पडदे वाचणाऱ्यास सोयीचे होते. पण २००८ नंतर कारखानदारांना दूरचित्रवाणी आणि संगणक यांसाठी एकच माप परवडू लागले, आणि १२०० ओळींच्या जागी १०८० आल्या. ओळींचा दशांश हिस्सा गेला, आणि जाहिरातीत मात्र 'रुंद पडदा' हे भूषण म्हणून मिरवू लागले.

येथे गिऱ्हाइकाने एक हिशेब ध्यानी ठेवावा. पडद्याचे माप कर्णाने सांगतात, आणि कर्ण क्षेत्रफळ सांगत नाही. चारास तीन प्रमाणाचा वीस इंची पडदा सोळा इंच रुंद व बारा इंच उंच, म्हणजे १९२ चौरस इंच भरतो. सोळास नऊचा वीस इंची पडदा सुमारे १७१ चौरस इंचच भरतो. आकडा तोच, पण वस्तू अकरा टक्क्यांनी लहान! शिवाय जे कमी झाले ते उंचीत. आणि उंचीची हानी देवनागरी वाचणाऱ्यास अधिक जाचते. रोमन ओळीपेक्षा मराठी ओळीस वरखाली अधिक जागा लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार; खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. तेवढ्याच उंचीत मराठीच्या ओळी कमी बसतात.

तथापि रुंदीला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. सोळास नऊचा चोवीस इंची पडदा सुमारे पावणेबारा इंच उंच आणि एकवीस इंच रुंद असतो. ए-चार आकाराचा कागद ११.७ इंच उंच व ८.३ इंच रुंद. म्हणजे अशा पडद्यावर दोन पूर्ण पाने, मूळ आकारात, शेजारी शेजारी मांडता येतात. सरकारी कचेरीतील नस्तीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको : एका बाजूस टिपणी आणि दुसऱ्या बाजूस पत्रव्यवहार, दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात. याहून लहान रुंद पडद्यावर मात्र हे साधत नाही. एकोणीस इंचीची उंची सव्वानऊ इंचांच्या जवळपासच राहते. एवंच, रुंद पडदा घ्यावयाचा तर त्याची उंची पाहून घ्यावा.

आकारानंतर गुणवत्ता. या सपाट पडद्यांचे मूळ १८८८ सालच्या एका शोधात आहे. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिख रायनित्झर याला एक पदार्थ दोनदा वितळताना आढळला : १४५ अंशांच्या पुढे तो गढूळ द्रव होई आणि १७८ अंशांच्या पुढे स्वच्छ. घन आणि द्रव यांच्या मधली ही अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. या विद्येत भारताचाही वाटा आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. त्या जातीच्या पदार्थांचे पातळ पापुद्रे पुढे पडद्यांवर चढविले गेले, ते बाजूने पाहताना चित्र विटू नये यासाठी.

आज द्रवस्फटिकाचे पडदे मुख्यतः तीन जातींचे मिळतात. पीळ दिलेल्या रेणूंचा टीएन हा जुना व स्वस्त. पण खालून किंवा कडेने पाहिल्यास त्याचे रंग पालटतात. आयपीएस जातीत रेणू पृष्ठाला समांतर फिरतात, म्हणून कोठूनही रंग बहुतांशी सारखे दिसतात. मात्र काळा रंग जरा करडा वाटतो. व्हीए जातीचा काळा रंग गडद असतो. आयपीएसमध्ये पांढरा हा काळ्याच्या सुमारे हजारपट उजळ असतो, तर व्हीएमध्ये तीन हजारपट किंवा त्याहून अधिक. लाखांचे आणि कोटींचे जे आकडे खोक्यावर छापतात, ते मागला दिवा मंद-तेज करून मिळविलेले असतात. एकाच चित्रात ते दिसत नाहीत.

दुकानात जो पडदा सर्वांत झगझगीत तोच सर्वांत चांगला वाटतो, आणि विक्रेते हे जाणून असतात. रंगांसाठी १९९६ मध्ये सुचविलेल्या व पुढे आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या एसआरजीबी या मानकात पडद्याचे तेज अवघे ८० एकक धरले आहे. दुकानातला पडदा बहुधा याच्या तिप्पट-चौपट तेजाने जळत असतो. यास्तव परीक्षा आपली आपण करावी. तेज उतरवून पाहावे. पडदा संपूर्ण काळा करून कोपऱ्यांतून उजेड झिरपतो काय ते पाहावे. मग पांढरा व करडा करून डाग किंवा मेलेले बिंदू शोधावेत. मग उठून उभे राहावे, कडेला जावे आणि रंग टिकतो काय ते पाहावे.

शेवटची परीक्षा अक्षरांची. मराठीचा एक परिच्छेद लहान ठशात उघडावा आणि घ व ध, भ व म, द्ध व द्व हे वेगळे ओळखू येतात काय, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेत मिसळत नाहीत ना, हे नेहमीच्या अंतरावरून पाहावे. १९२० बाय १०८० बिंदूंच्या चोवीस इंची पडद्यावर इंचाला ९२ बिंदू पडतात. तेच बिंदू सत्तावीस इंचांवर पसरले की ८२ राहतात आणि अक्षराची कड खरबरीत होते. सत्तावीस इंचांस २५६० बाय १४४० घेतल्यास ही संख्या १०९ होते. मोठा पडदा आणि स्पष्ट पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकार ठरला तो प्रेक्षकासाठी. आणि दिवसाचे आठ तास त्यापुढे बसतो तो वाचक. प्रेक्षक दोन-तीन तासांनी उठून घरी जातो, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला तसे जाता येत नाही. आकार पालटणे त्याच्या हाती नसेल. परंतु उंची मोजणे, तेज उतरविणे आणि आपल्या लिपीचे अक्षर लावून पाहणे एवढे निश्चित त्याच्या हाती आहे. आल्टोच्या कर्त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी पडदा बनविण्याआधी पानाचा विचार केला होता. गिऱ्हाइकाने पडदा घेण्याआधी तो केला, तरी पुष्कळ झाले.