अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती आणि टोकियोतले तीन रविवार

चाकण एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला जपान तसा परका राहिलेला नाही. कायझेन, पोका-योके, फाइव्ह एस हे शब्द आमच्या लाइनवरच्या आयटीआय झालेल्या पोरांच्या तोंडी रोजचे आहेत. वर्षातून दोनदा जपानी साहेब ऑडिटला येतात, वाकून नमस्कार करतात आणि आमच्या चुका शांतपणे मोजून जातात. पण जपान म्हणजे मशीन आणि शिस्त, याच्या पलीकडे मी कधी गेलो नव्हतो. २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीने तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं, तेव्हाही डोक्यात तेवढंच होतं.

निघायच्या आदल्या रात्री अब्बांनी मात्र एक विचित्र प्रश्न विचारला. "वहाँ अपने अजिंठे का कुछ है क्या? देख के आना."

अब्बांविषयी थोडं सांगायला हवं. ते पेंटर. म्हणजे गॅलरीतले नव्हेत, बोर्ड रंगवणारे. सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून ७२ च्या दुष्काळात ते पिंपरीला आले आणि इथेच राहिले. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे नंबर, कंपन्यांच्या भिंतीवरचं 'सुरक्षितता प्रथम', निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांनी ब्रशने लिहिलं. पुढे फ्लेक्स आलं आणि पाचेक वर्षांत धंदा संपला. लहानपणी ते अजिंठ्याच्या लेण्यांवर येणाऱ्या लोकांना रंगीत गारगोट्या विकायचे. चित्रं पहिल्यांदा तिथेच पाहिली, असं ते सांगतात.

या चित्रांच्या वेडापायी त्यांनी दोन्हीकडून ऐकून घेतलं. मशिदीतले एक बुजुर्ग म्हणायचे, तसवीर काढू नकोस, गुनाह आहे. अब्बा हसून म्हणत, चारशे चाळीस व्होल्टच्या बोर्डावर कवटी तर काढावीच लागते. आणि एका कचेरीतल्या बाबूने, अजिंठ्याचं चित्र भिंतीवर काढू का असं विचारल्यावर, सरळ म्हटलं होतं, "तुमचा काय संबंध अजिंठ्याशी?" पहिली गोष्ट अब्बा हसत सांगतात. दुसरी सांगताना ते हसत नाहीत.

म्हणून मी तीन रविवार टोकियोच्या संग्रहालयांत घालवले.

पहिल्या रविवारी उएनोला गेलो. उएनो म्हणजे एक मोठी बाग, आणि त्या बागेत संग्रहालयंच संग्रहालयं. त्यातलं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय १८७२ पासूनचं. त्याच्या आवारात तोयोकान नावाची वेगळी इमारत आहे, ती जपानबाहेरच्या आशियासाठी. तिथे गांधार शैलीचे बुद्ध आहेत, चीन-कोरियाची भांडी आहेत, भारतातली लघुचित्रंही आहेत. अजिंठा मात्र कुठे दिसला नाही. माहिती देणाऱ्या एका वयस्कर स्वयंसेवक बाईंना मोबाइलवरच्या भाषांतराच्या मदतीने विचारलं. त्यांनी डोकं हलवलं, थोडा विचार केला आणि फोनवर एक नाव लिहून दाखवलं, आराई काम्पो. मग खाली एक शब्द लिहिला, भूकंप.

त्या दोन शब्दांमागची हकिकत मी नंतर महिनाभर शोधत राहिलो. ती अशी.

अजिंठ्याच्या चित्रांची नक्कल करायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून झाले आणि त्यांच्यामागे जणू आग लागलेली होती. मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अनेक हंगाम तिथे राबले. त्या प्रतीही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या शंभराहून जास्त गेल्या.

आता जपानी माणूस. १९१६ साली रवींद्रनाथ टागोर जपानला गेले. योकोहामात रेशमाचे व्यापारी हारा तोमितारो यांच्या घरी ते उतरले होते. तिथे शिमोमुरा कान्झान या चित्रकाराचं एक भव्य पडदाचित्र त्यांना फार आवडलं. मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभा असलेला आंधळा मुलगा, असा त्याचा विषय. त्याची नक्कल करून देण्याचं काम आराई काम्पो या चित्रकाराला मिळालं. टागोरांनी त्याचा हात पाहिला आणि त्याला कलकत्त्याला शिकवायला बोलावलं. भारतात असतानाच काम्पो अजिंठ्याला पोहोचला. जपानी कागद भिंतीसमोर धरून, रेषेवर रेष घेत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी प्रती केल्या. त्या टोकियोच्या शाही विद्यापीठात ठेवल्या गेल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो प्रांतात महाभूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या आणि त्या प्रती नष्ट झाल्या. म्हणजे लंडनमध्ये दोनदा आणि टोकियोत एकदा, असा अजिंठा तीनदा जळाला. मूळ भिंती मात्र वाघूर नदीच्या वळणावर जिथल्या तिथे राहिल्या.

ही हकिकत वाचताना मला आपल्याकडची काही नावं सापडली, आणि खरं म्हणजे हा लेख त्यांच्यासाठी आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकार प्रती करायला आली. तिच्या चमूत नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशी बंगालची मंडळी होती, हे कलेच्या पुस्तकांत हमखास येतं. त्याच चमूत हैदराबादचे सय्यद अहमद आणि महंमद फजलुद्दीन हे दोन तरुण होते, हे मात्र क्वचितच येतं. बाकीचे आपापल्या गावी परतले. सय्यद अहमद अजिंठ्याशी जोडलेलेच राहिले आणि पुढे लेण्यांचे क्युरेटर झाले. त्यांनी आणि महंमद जलालुद्दीन यांनी केलेल्या प्रती हैदराबादच्या राज्य संग्रहालयात आहेत. लंडनला किंवा टोकियोला न गेलेल्या या प्रती राहिल्या.

१९१४ मध्ये निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खातं सुरू झालं. त्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी. खात्याने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन जाणकार बोलावून सुटलेला गिलावा भिंतीला पक्का करून घेतला. त्यांनी वापरलेलं शेलॅकचं वॉर्निश पुढे पिवळं पडलं, हेही खरं. पण गळून पडू पाहणारी चित्रं तेव्हा सावरली गेली. यझदानींनी अजिंठ्यावरचा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ असा पंचवीस वर्षं चालवला. दरम्यान निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, माणसं उद्ध्वस्त झाली. ग्रंथ पुरा झाला.

बुद्धाच्या जातककथा, त्या जपणारं राज्य मुसलमानाचं, आणि त्या कागदावर उतरवायला आलेला माणूस जपानचा. 'तुमचा काय संबंध' या प्रश्नाला हे उत्तर मला पुरेसं वाटतं. यावरून निजामाची राजवट सगळी चांगली होती, असं मी म्हणत नाही. मराठवाड्याच्या लोकांनी त्या राजवटीत काय सोसलं ते माझ्या घरातही ऐकलेलं आहे. पण राजवटीचा हिशेब वेगळा आणि ब्रश धरणाऱ्या हाताचा हिशेब वेगळा. सय्यद अहमदांनी ते काम धर्म विचारून केलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी आधी जोहरच्या नमाजसाठी टोकियो जामी मशिदीत गेलो. रशियातल्या क्रांतीनंतर पळून आलेल्या कझानच्या तातार मुसलमानांनी ती १९३८ मध्ये उभारली. जुनी इमारत पाडावी लागली आणि आजची तुर्की घाटाची मशीद २००० साली उघडली. आत भिंतींवर आणि घुमटात खत्तातीची जी अक्षरं आहेत, ती पाहून पुन्हा अब्बाच आठवले. उभी रेघ एका दमात ओढायची आणि मध्ये श्वास घ्यायचा नाही, हे ते मला देवनागरी पाटी लिहिताना शिकवायचे.

तिथून क्योबाशीला गेलो. तिथे एका उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर आर्टिझोन संग्रहालय आहे. २०१९ पर्यंत त्याचं नाव होतं ब्रिजस्टोन कला संग्रहालय. होय, तीच टायरवाली, जिचा कारखाना आमच्या चाकणला आहे. संस्थापक इशिबाशी शोजिरो. 'इशी' म्हणजे दगड, 'बाशी' म्हणजे पूल. आडनाव उलटं करून इंग्रजीत ठेवलं की ब्रिजस्टोन. हा माणूस कुरुमे गावचा. घरचा धंदा तबी, म्हणजे जपानी मोजे शिवण्याचा. त्याने त्यांना रबराचा तळ लावला आणि मजुरांसाठी स्वस्त, टिकाऊ पादत्राण केलं. त्या रबरातूनच पुढे टायर आले आणि १९३१ मध्ये कंपनी.

शाळेत त्याला चित्रकला शिकवणारे गुरुजी होते साकामोतो हान्जिरो. कुरुमेचाच त्यांचा मित्र आओकी शिगेरू हा विलक्षण चित्रकार १९११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गरिबीत आणि आजारात वारला. गुरुजींनी आपल्या श्रीमंत झालेल्या विद्यार्थ्याला सांगितलं, आओकीची चित्रं पांगण्याआधी एकत्र कर. इशिबाशींच्या संग्रहाला खरी दिशा या एका सांगण्याने मिळाली, आणि १९५२ मध्ये कंपनीच्या टोकियोतल्या इमारतीत संग्रहालय उघडलं. पुढे टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारतही त्यांनीच बांधून दिली.

आओकीचं 'समुद्राची देणगी' हे १९०४ चं चित्र मी तिथे पाहिलं. कोळ्यांची एक रांग, अंगावर कपडा नाही, खांद्यावर मोठाले मासे, संध्याकाळचा उजेड. कडेच्या काही आकृती अर्धवट सोडल्यासारख्या. सुरुवातीला मला संकोच वाटला, खोटं कशाला सांगू. पण थोड्या वेळाने दिसायला लागली ती पाळी सुटल्यावर गेटबाहेर पडणारी माणसं. तीच पाठ, तोच थकवा.

तिसऱ्या रविवारी परत उएनोला गेलो, पाश्चात्य कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात. त्याचं मूळही कारखान्यातच. कावासाकी जहाज कारखान्याचे प्रमुख मात्सुकाता कोजिरो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या कमाईतून युरोपात हजारो कलाकृती घेतल्या. १९२७ च्या आर्थिक संकटात कंपनी बुडायला आली आणि जपानमध्ये आणलेला संग्रह विकला गेला. लंडनच्या गोदामात ठेवलेला भाग १९३९ मध्ये जळाला. पॅरिसमधला भाग युद्धानंतर फ्रान्सने ताब्यात घेतला. त्यातला बराचसा परत मिळाला, तेव्हा तो ठेवण्यासाठी १९५९ मध्ये हे संग्रहालय झालं. इमारतीचा आराखडा ल कॉर्बुझिएचा, म्हणजे आपलं चंदीगड घडवणाऱ्याचा.

जपानी लोक जन्मतःच वारसा जपणारे आहेत, असं यावरून समजू नका. नारा जवळच्या होर्यूजी मंदिरात तेराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं होती, अजिंठ्याची बहीण म्हणावी अशी. आराई काम्पो आयुष्याच्या अखेरीला त्यांच्याही प्रती करत होता. १९४५ मध्ये तो वारला, आणि २६ जानेवारी १९४९ रोजी तिथे आग लागून ती चित्रं करपली. देशभर हळहळ झाली. पुढच्याच वर्षी वारसा संरक्षणाचा कायदा आला. दर २६ जानेवारीला तिथे मंदिरांत आग विझवण्याची कवायत होते. आपण त्या दिवशी झेंडावंदन करतो. त्यांनी हळहळीचं रूपांतर कवायतीत केलं. फरक असेल तर एवढाच, आणि चाकणच्या माणसाला तो कळायला हवा, कारण आमच्याकडेही दर अपघातानंतर चेकलिस्ट वाढते.

आपल्या पट्ट्यात पाहायला काही नाही असंही नाही. चिंचवडला चापेकरांचा वाडा आहे. चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेशी जवळजवळ दोन महिने तिथे झुंज दिली. त्या किल्ल्याजवळून रोज कंपनीच्या बसेस जातात, आणि आतली माणसं झोपलेली असतात. मीही त्यांतलाच होतो. पण या पट्ट्यातल्या कामगारांनी साठ वर्षांत हाताने जे केलं, त्याचं काय? अब्बांच्या एकाही पाटीचा फोटो आमच्या घरात नाही. आओकीला निदान गुरुजी भेटले होते.

परत आल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. भूकंपाचं ऐकून ते चुकचुकले. मग सय्यद अहमदांचं सांगितलं. "क्या नाम बोला?" त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पलंगाखालची जुनी पत्र्याची पेटी बाहेर होती. ब्रशचे केस आखडले होते. टर्पेंटाइनमध्ये ते भिजत घालून बसले होते.

आता मी सुट्टीच्या दिवशी एक काम सुरू केलं आहे. भोसरी, पिंपरी, आकुर्डी, चाकण इथे हाताने रंगवलेली जी पाटी अजून शिल्लक आहे, तिचा फोटो काढतो, आणि पेंटरचं नाव कोपऱ्यात असेल तर लिहून घेतो. आतापर्यंत एकतीस झाल्या. त्यातल्या दोन अब्बांच्या निघाल्या, अक्षरावरून त्यांनीच ओळखल्या. तुमच्या गल्लीत अशी एखादी असेल, तर फ्लेक्स लागण्याआधी फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.