५४ वर्षांचा पत्रव्यवहार, एक बंद दप्तर आणि संशोधकाचा शिष्टाचार

१/ इतिहास साधनांवर उभा राहतो, हे आपण सारेच जाणतो. परंतु ती साधने एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे कशी पोहोचतात, चूक कशी दाखवली जाते, श्रेय कोणाच्या पदरी पडते, यांवरही इतिहासलेखनाची प्रत ठरते. आजचा थ्रेड यदुनाथ सरकार, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि पुण्याचे पेशवे दप्तर यांविषयी.

२/ साल १९०४. यदुनाथ पाटण्यात अध्यापन करीत होते आणि औरंगजेबाच्या बृहद् चरित्राची सामग्री जमवीत होते. त्यांचा मुख्य आधार फारसी साधने. पण औरंगजेबाच्या आयुष्याची अखेरची सुमारे २५ वर्षे दक्षिणेत गेली. तो काळ मराठी कागदांवाचून अर्धाच कळणार, हे त्यांनी ओळखले.

३/ तिकडे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत सरदेसाई होते. त्यांच्या ‘मराठी रियासती’चा पहिला भाग १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. यदुनाथांनी त्यांना पत्र लिहिले आणि एका दीर्घ पत्रव्यवहाराला आरंभ झाला. १९५८ मध्ये यदुनाथांचे निधन होईपर्यंत तो चालू राहिला. दुसऱ्याच वर्षी सरदेसाईही गेले.

४/ या मैत्रीचा पाया होता देवाणघेवाण. मोगल दरबारची अखबारे, जयपूरच्या दप्तरातील कागद, राजपूत आणि मोगल बाजूचे तपशील यदुनाथांकडून येत. मराठी बखरी, पत्रे, घराण्यांची माहिती, स्थळांचा उलगडा सरदेसायांकडून जाई. आपल्याजवळचा कागद दडवून ठेवला तर आपलाच ग्रंथ लंगडा राहील, हे दोघांनाही पटले होते.

५/ दुसरा पाया होता स्पष्टपणा. यदुनाथ कडक परीक्षक होते. हिजरी, शक आणि इसवी सनाचा मेळ, विशेषनामांचे लेखन, विधानामागचा पुरावा, यांत ढिलाई त्यांना खपत नसे. मित्राच्या लेखनातील उणिवाही ते पत्रांतून रोखठोक दाखवीत. सरदेसाई वयाने पाच वर्षांनी वडील. तरीही त्यांनी ती टीका मानापमानाचा प्रश्न केली नाही.

६/ मतैक्य मात्र सर्वत्र नव्हते. शिवछत्रपतींचे ध्येय, मराठी सत्तेचे यश आणि तिच्या मर्यादा यांकडे दोघे एकाच नजरेने पाहत नव्हते. यदुनाथांचा ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ १९१९ मध्ये आला. त्यातील मराठी राज्यव्यवस्थेवरची टीका महाराष्ट्रात अनेकांना रुचली नाही. सरदेसायांचा सूर अधिक ममत्वाचा होता. मतभेद राहिले, कागदांची देवाणघेवाण थांबली नाही.

७/ येथवर ही कथा मधुर आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू. पेशव्यांच्या राजवटीचे प्रचंड दप्तर पुण्यात सरकारी ताब्यात होते. ब्रिटिश सरकार ते अभ्यासकांस सहजासहजी खुले करीत नसे. निवडक उतारे तेवढे बाहेर येत. बाकी रुमाल बांधलेलेच.

८/ त्याच पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ कार्य करीत होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते स्थापन केले. मंडळाच्या अभ्यासकांनी गावोगावच्या वाड्यांतून कागद मिळवले, सभांतून वाचले, छापून सर्वांपुढे ठेवले. घरच्या दप्तराचे दार मात्र त्यांना बंद होते.

९/ अखेर दप्तरातून कागद निवडून छापण्याचे काम सरकारने सरदेसायांकडे सोपवले. या निवडीमागे यदुनाथांचे वजन होते. १९३० ते १९३४ या अल्पावधीत ‘पेशवे दप्तरा’चे ४५ खंड निघाले. मोडीतील हजारो कागद बाळबोध लिपीत छापून वाचकांच्या हाती आले. हे उपकार विसरता येणार नाहीत.

१०/ तरीही पुण्याच्या संशोधकांच्या मनात सल राहिला, आणि तो निराधार नव्हता. खंड छापून येतात तेव्हा काय निवडले ते दिसते. काय गाळले, हे मूळ रुमाल सोडल्याशिवाय कळत नाही. निवड कितीही प्रामाणिक असली, तरी ती पडताळण्याचा अधिकार दुसऱ्याला हवाच.

११/ पुढे वाद व्यक्तींवर घसरला. यदुनाथांना पुण्याच्या मंडळींत अभिनिवेश दिसे, तर मंडळींना यदुनाथांत मराठ्यांविषयी आकस दिसे. मित्राच्या पत्रातील कठोर शब्द ज्या उमदेपणाने स्वीकारला जाई, तो उमदेपणा विरोधकाच्या वाट्याला क्वचितच आला. दोन्ही बाजूंकडे असलेली विद्वत्ता एकत्र आली असती, तर मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा लाभ झाला असता!

१२/ म्हणून या पत्रव्यवहारातून घ्यायचे ते असे. कागद मिळाला तर तो कोठून मिळाला, हे सांगावे. ज्याने वाचून दिला त्याचे नाव घ्यावे. चूक दाखवताना पुराव्यावर बोट ठेवावे, माणसावर नव्हे. आपली चूक कोणी दाखवली तर आभार मानून सुधारावी.

१३/ आणि सर्वांत अवघड गोष्ट: हे सारे आपल्या वर्तुळाबाहेरच्या माणसाशीही पाळावे. स्नेह्याला साधन देणे सोपे असते. ज्याचे मत आपल्याला टोचते, त्याच्यासाठीही दप्तराचे दार उघडे ठेवणे, ही संशोधकाच्या शिष्टाचाराची खरी कसोटी. रियासतकार आणि यदुनाथ पहिल्या परीक्षेत उत्तम उतरले. दुसरी त्यांनाही कठीण गेली.

१४/ आज एखाद्या मोडी पत्राचे छायाचित्र क्षणार्धात हजारो हातांत जाते. पण त्याखाली रुमाल क्रमांक नसेल, वाचकाचे नाव नसेल, तर ते साधन अनाथ होते. पुढच्या वेळी कागद पुढे पाठवण्यापूर्वी त्या दोन ओळी अवश्य लिहा. शंभर वर्षांनी त्यावर काम करणारा कोणीतरी तुमचा ऋणी राहील.