राजदत्तांचा श्रेष्ठ चित्रपट कोणता? वऱ्हाडच्या दृष्टीने एक विवेचन

१

एखाद्या दिग्दर्शकाच्या सर्व कृतींतून एकीला अग्रपूजेचा मान देण्याची हौस रसिकांना असते आणि अभ्यासकही तिच्यापासून अगदीच अलिप्त राहत नाहीत. शांतारामांचा ‘माणूस’ (१९३९) श्रेष्ठ की ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७), हा वाद अनेक पिढ्यांनी घातला आहे. असे वाद निष्फळ असतात, असे म्हणून ते बाजूस सारणे सोपे आहे. परंतु वाद घालणारे कोणत्या कसोट्या वापरतात, त्या कसोट्या त्यांच्याकडे कोठून आल्या, आणि एका प्रदेशाचा कौल दुसऱ्या प्रदेशाहून वेगळा का पडतो, हे प्रश्न निश्चितच इतिहासाचे आहेत. प्रस्तुत लेखात राजदत्त ह्यांच्या चित्रपटांसंबंधी अशाच एका वादाचा विचार करावयाचा आहे.

राजदत्त, म्हणजे दत्तात्रय अंबादास मायाळू, हे मूळचे विदर्भातले. राजा परांजपे ह्यांच्या हाताखाली उमेदवारी करून त्यांनी ‘मधुचंद्र’ (१९६७) हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. पुढे दोन दशके ते मराठी चित्रपटसृष्टीत सातत्याने काम करीत राहिले आणि २०२४ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. त्यांच्या श्रेष्ठ कृतीचा प्रश्न निघाला की तीन उत्तरे प्रामुख्याने ऐकू येतात. एक पक्ष ‘शापित’चे (१९८२) नाव घेतो. दुसरा ‘अष्टविनायक’ (१९७९) पुढे करतो. अमरावती-अकोल्याकडील श्रोता मात्र बहुधा ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) असे उत्तर देतो. हे उत्तर केवळ प्रादेशिक अभिमानाचे आहे काय, हा आपला मुख्य प्रश्न आहे. तसे असेल तर अभ्यासकाने त्याची नोंद घेऊन पुढे जावे. तसे नसेल, तर त्यामागील तर्क मांडून दाखविणे आपले कर्तव्य ठरते.

२

प्रथम पुरस्कारांचा पुरावा घेऊ. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘शापित’ (१९८२), ‘पुढचं पाऊल’ (१९८६) आणि ‘सर्जा’ (१९८७) हे तिन्ही चित्रपट आपापल्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरले. ग्रामीण शोषण, हुंडाबळी आणि शिवकाल असे तीन परस्परभिन्न विषय हाताळून एकाच दिग्दर्शकाने हा मान तीनदा मिळवावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु ह्या पुराव्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. निवड समिती एका वर्षातील निरनिराळ्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांची आपसांत तुलना करते. एकाच दिग्दर्शकाच्या निरनिराळ्या वर्षांतील चित्रपटांची तुलना हा तिच्या कक्षेतला विषय नव्हे. म्हणून १९८२चा पुरस्कार ‘शापित’ त्या वर्षीच्या इतर मराठी चित्रपटांहून सरस होता एवढेच सांगतो. तो १९७७च्या चित्रपटाहून सरस होता असे सांगत नाही. पुरस्कारांच्या यादीवरून दिग्दर्शकाच्या कृतींची प्रतवारी लावणारे अभ्यासक हा तर्कदोष वारंवार करतात.

‘शापित’च्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तो अरविंद देशपांडे आणि राजदत्त ह्या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. त्यामुळे त्याच्या गुणांचे श्रेय एकट्या राजदत्तांच्या खात्यावर जमा करणे न्याय्य होणार नाही. चित्रपटाचे मोल त्यामुळे उणावत नाही. परंतु आपला प्रश्न ‘श्रेष्ठ चित्रपट कोणता’ असा नसून ‘राजदत्तांचा श्रेष्ठ चित्रपट कोणता’ असा आहे.

लोकप्रियतेच्या कसोटीवर ‘अष्टविनायक’चा हक्क मोठा आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि लोकप्रियता मोजतानाही कोणाच्या लोकप्रियतेविषयी आपण बोलत आहोत, हे पाहणे अगत्याचे आहे. मराठी चित्रपटाची निर्मिती मुख्यतः मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथे झाली. वऱ्हाड हा ह्या व्यवसायाच्या दृष्टीने निर्मितीचा प्रदेश कधीच नव्हता. तो वितरणाचा प्रदेश होता. मध्यप्रांत-वऱ्हाड हा राजकीय विभाग नाहीसा झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. परंतु चित्रपट-वितरकांच्या परिभाषेत ‘सी. पी. बेरार’ हे नाव पुढेही टिकून राहिले आणि अमरावती व भुसावळ ही त्या व्यवसायाची ठाणी राहिली. राज्यकारभाराने टाकून दिलेले नाव व्यापाराने जपावे, ही घटना भाषेच्या अभ्यासकाला मोठी उद्‌बोधक आहे. तिचा अर्थ असा की, वऱ्हाडचा प्रेक्षक दुसरीकडे घडलेल्या चित्रांचा ग्राहक होता. पडद्यावर त्याला पुणे दिसे, कोल्हापूर दिसे. स्वतःचा मुलूख क्वचितच दिसे. ‘अष्टविनायक’मधील आठही देवस्थाने पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण ह्या भागांतली आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

३

आता ‘देवकीनंदन गोपाला’कडे वळू. ह्या चित्रपटाचा विषय संत गाडगे महाराजांचे चरित्र हा असून महाराजांची भूमिका डॉ. श्रीराम लागू ह्यांनी केली आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे ह्या मामाच्या गावी गेले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जापायी गेल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. कर्ज काढू नका, हा उपदेश त्यांच्या कीर्तनांत पुढे सतत का येत राहिला, ह्याचे उत्तर दापुऱ्याच्या शेतात सापडते. पूर्णेच्या काठी ज्या तीर्थस्थानी त्यांनी लोकांसाठी घाट बांधविला त्या गावाचे नाव ऋणमोचन असावे, हा योगायोगच. परंतु कर्जाने गांजलेल्या वऱ्हाडातील कास्तकाराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचा देहान्त झाला.

मराठीतील संतपटांची परंपरा समृद्ध आहे. दामले-फत्तेलाल ह्यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा तिचा मानदंड. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ह्या परंपरेचे मुख्य साधन चमत्कार हे होते. बुडालेली गाथा वर येते, विमान वैकुंठास जाते. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) भिंत चालते. ह्या दृश्यांत कॅमेऱ्याची करामत आणि भाविकाची श्रद्धा ह्यांची गाठ पडते, आणि संतपटाचा परमोत्कर्ष बहुधा तेथेच साधला जातो. राजदत्तांना हे साधन वर्ज्य होते. गाडगे महाराजांनी जन्मभर नवस, पशुबळी, अंगात येणे आणि चमत्कार ह्यांविरुद्ध कीर्तने केली. त्यांनी गुरू केला नाही आणि शिष्यही केला नाही. अशा पुरुषाच्या चरित्रात एकही चमत्कार घातला असता, तर त्या पुरुषालाच खोटे पाडल्यासारखे झाले असते. म्हणजे संतपटाचा कळसाध्याय जेथे यावयाचा, तेथे दिग्दर्शकाच्या हाती केवळ एक खराटा, एक गाडगे आणि एका माणसाचे बोलणे एवढेच उरते.

दुसरी अडचण ह्याहून कठीण होती. तुकारामांना पाहिलेला प्रेक्षक १९३६ साली कोणी नव्हता; विष्णुपंत पागनीस दिसले तसेच तुकाराम होते, असे लोकांनी मानले. गाडगे महाराजांच्या देहान्तानंतर हा चित्रपट येईपर्यंत मात्र अवघी एकवीस वर्षे लोटली होती. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर येथील प्रौढ प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेले, त्यांचे कीर्तन ऐकलेले आणि कित्येकांनी त्यांच्याबरोबर गाव झाडलेले होते. अशा प्रेक्षकासमोर चित्रपट एका अर्थाने साक्षीदारांच्या न्यायासनासमोर उभा होता. मराठी संतपटाच्या इतिहासात अशी परीक्षा फार थोड्या कृतींना द्यावी लागली आहे. वऱ्हाडच्या कौलाला वेगळे वजन द्यावयाचे, ते ह्याच कारणाने: येथील प्रेक्षकाजवळ ताडून पाहण्यासाठी मूळ प्रत होती.

४

भाषेच्या अभ्यासकाने ह्या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी बोलीची नोंद आहे. ‘मला, तुला’ ह्यांऐवजी ‘मले, तुले’. ‘डोळा, काळा’ ह्यांऐवजी ‘डोया, काया’. ‘का’ ह्या अर्थी ‘काहून’. ‘येजो, करजो’ ही आज्ञार्थी रूपे: ही तिची सर्वपरिचित लक्षणे आहेत. ज्या लीळाचरित्रापासून मराठी गद्याचा इतिहास सांगितला जातो, त्याची रचना अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे झाली. गो. नी. दांडेकर हे परतवाड्याचे. लहानपणी घर सोडल्यावर ते काही काळ गाडगे महाराजांच्या सहवासात होते, आणि ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी त्यांनी ह्याच बोलीत लिहिली. तात्पर्य, लेखनात ह्या बोलीला प्रतिष्ठा आहे. पडद्यावर मात्र ‘ग्रामीण मराठी’ म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडील बोली असा संकेत तमाशापटांनी रूढ केला होता. स्वतः राजदत्तांच्या ‘वऱ्हाडी आणि वाजंत्री’ (१९७३) ह्या चित्रपटाच्या नावातील ‘वऱ्हाडी’ हे लग्नाचे वऱ्हाडी आहेत, वऱ्हाड प्रांतीचे नव्हेत. नाव वाचून येथील एखाद्या प्रेक्षकाची क्षणभर फसगत झाली असल्यास नवल नाही.

अशा स्थितीत ज्याचे कीर्तन हेच कार्य आणि वऱ्हाडी हीच भाषा, असा नायक मराठी चित्रपटाच्या केंद्रस्थानी आला. गाडगे महाराजांचे कीर्तन म्हणजे एकतर्फी प्रवचन नव्हते. ते प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच श्रोत्याला पकडीत. कीर्तनकार आणि समुदाय ह्यांच्या ह्या देवाणघेवाणीत नाट्य आयतेच असते. परंतु त्यासाठी भूमिका करणाऱ्या नटाची भाषा समुदायाची भाषा असावी लागते. डॉ. लागू साताऱ्याचे, शिक्षणाने पुण्याचे. तेव्हा त्यांची वऱ्हाडी अस्सल आहे काय, हा प्रश्न येथील प्रेक्षक विचारणारच.

माझ्या मते ह्या प्रश्नात एक गफलत आहे. चित्रपटातील बोली ही कोठेही प्रत्यक्ष बोली नसते. जो चित्रपट पुण्यातही चालावयाचा आणि अकोल्यातही, त्यात बोलीची काही ठळक लक्षणे राखली जातात आणि बाकीची प्रमाणभाषेच्या अंगाने सौम्य केली जातात. नाटकाचीही हीच रीत आहे. म्हणून ‘ळ’चा ‘य’ किती वेळा झाला, ह्याची मोजदाद करून भूमिकेचा निकाल लावणे अशास्त्रीय होय. पाहावयाचे ते असे, की बोलण्याची लय, प्रश्न फेकण्याची पद्धत आणि उत्तराची वाट पाहण्याचा थांबा जमला आहे की नाही. ह्या दृष्टीने कीर्तनाचे प्रसंग चित्रपटाचा प्राण आहेत. दिग्दर्शकाने चमत्काराची रिकामी जागा संवादाने भरली, आणि येथेच त्याचे खरे कौशल्य दिसते.

५

ह्यावर एक आक्षेप संभवतो. चित्रपटाचा मोठेपणा हा चरित्रनायकाचा मोठेपणा आहे. दिग्दर्शकाचे त्यात काय? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु तो मान्य केल्यास ‘संत तुकाराम’चेही श्रेय दामले-फत्तेलाल ह्यांच्याकडून काढून घ्यावे लागेल. शिवाय थोर विषयाने दिग्दर्शकाचे काम सोपे होते, हे गृहीतच चुकीचे आहे. येथे विषयाने परंपरेचे प्रमुख साधन काढून घेतले, साक्षीदार समोर बसविले आणि पडद्यावर अपरिचित अशी बोली दिली. ह्या तिन्ही अडचणी एकदम ‘शापित’समोर नव्हत्या, ‘पुढचं पाऊल’समोर नव्हत्या, ‘सर्जा’समोरही नव्हत्या. त्या चित्रपटांचे गुण मी नाकारीत नाही. सामाजिक प्रश्नावरील चित्रपट म्हणून ‘शापित’ अधिक बांधेसूद आहे, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. परंतु दिग्दर्शकाने कोणत्या अडचणीवर मात केली, ही कसोटी लावली, तर ‘देवकीनंदन गोपाला’ हाच राजदत्तांचा श्रेष्ठ चित्रपट ठरतो. वऱ्हाडच्या उत्तरात अभिमान आहेच. पण त्या अभिमानाखाली विचाराचा भक्कम पाया आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या विभागापुढे मांडतो. वरील विवेचनाचा आधार असलेले साक्षीदार आता झपाट्याने विरळ होत आहेत. १९५६ साली जे पंधरा वर्षांचे होते, त्यांनी आज वयाची ऐंशी ओलांडली आहे. ज्यांनी महाराजांचे कीर्तनही ऐकले आणि पुढे चित्रगृहात बसून तो चित्रपटही पाहिला, अशी माणसे अमरावती, अकोला आणि मूर्तिजापूरच्या परिसरात अजून भेटतात. काय जुळले आणि काय जुळले नाही, हे तेच सांगू शकतात. आपण केवळ अनुमान करू शकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरी जाऊन ही निवेदने ध्वनिमुद्रित करावीत, आणि लिहून घेताना त्यांच्या ‘डोया’चा ‘डोळा’ करू नये. चित्रपटाची प्रत पुन्हा मिळविता येईल; ती पारखणारे कान पुन्हा मिळणार नाहीत.